खांद्यावरची बोटं

"वहिनी, तुम्ही आधी नुसतं ऐका," सुजय म्हणाला, आणि फोन स्पीकरवर टाकून त्यानं तो माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

पलीकडचा आवाज पुण्याचा होता. स्वच्छ, गोड, कसलीही घाई नसलेला.

"नमस्कार, हेमलता मॅडम. मी कौस्तुभ, झळक ॲपमधून. तुमचे नमुने बघितले. काय अक्षर आहे हो तुमचं. असा ठसका आमच्याकडे एकाही डिझायनरकडे नाही."

मी नमस्कार म्हटलं. स्तुती कुणाला नको असते? मलाही बरं वाटलं.

"एकच सुचवतो. तुमच्याकडे वाढदिवस भरपूर आहेत, बारसं आहे, दुकानांची उद्घाटनं आहेत. दुःखद मात्र फार कमी आहे."

"दुःखद म्हणजे?"

"श्रद्धांजली, मॅडम. दशक्रिया, पुण्यस्मरण. आमचा सगळ्यात जास्त चालणारा विभाग तोच. सण येतात आणि जातात. वाढदिवस माणसाला वर्षातून एकदाच. दुःखद रोज असतं. त्याला सीझन नसतो."

सुजयनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

सुजय म्हणजे माझा दीर. पुण्यातली नोकरी सोडून तो विट्याला परत आला होता, आणि आला होता तो माझ्या भरवशावर. मी लग्नाआधीपासून एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करत होते. गावोगावच्या पोरांचे वाढदिवस, सरपंचांची अभिनंदनं, बैलगाडा शर्यतींची आमंत्रणं, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. अक्षरं मी हातानं काढायची आणि मग कॉम्प्युटरवर घ्यायची. लोक लांबून ओळखायचे, हे विट्याच्या बाईंचं अक्षर म्हणून. सुजयला त्यात धंदा दिसला. "वहिनी, तुम्ही एकेका गिऱ्हाइकासाठी बॅनर करत बसता. त्याच फाइली एकदा तयार करून ठेवल्या तर सगळ्या महाराष्ट्रातले फ्लेक्सवाले विकत घेतील. नाव-फोटो त्यांचा ते बदलतील." मी दुकान सोडलं, घरातल्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, आणि आम्ही 'ठसठशीत' नावानं फाइली विकायला लागलो.

फाइली चांगल्या होत्या. विकायच्या कुठं, हाच प्रश्न होता. सुरुवातीला आम्ही व्हॉट्सॲपच्या गटावर विकत होतो, तर एकजण घ्यायचा आणि गावभर फुकट वाटायचा. मग सुजयनं दोन आठवडे बसून सगळ्या जागा पालथ्या घातल्या. एक परदेशी बाजार होता, तिथं आमच्या वेलांट्या तुटायच्या आणि शोधायला येणारं मराठी माणूसही नव्हतं. दुसरा पर्याय स्वतःची वेबसाइट. माझं मन तिकडं होतं. सुजय म्हणायचा, "ते गल्लीच्या टोकाला दुकान टाकण्यासारखं आहे. आपणच ओरडायचं, आपणच ऐकायचं." आणि तिसरं झळक. तिथं फ्लेक्सवाला मध्ये नव्हताच. कुणीही फोनवर टेम्प्लेट उघडायचं, फोटो टाकायचा, नाव लिहायचं आणि स्टेटसला लावायचं. लाखो लोक वापरत होते.

"महिनाभर बघू," मी म्हटलं. "नाही पटलं तर बाहेर."

"पटेल," सुजय म्हणाला. अकाउंट माझ्याच नावानं काढलं, कारण डिझाइन माझं.

श्रद्धांजलीचं मला वावडं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. दुकानात असताना मी कितीतरी केल्या. घरातलं माणूस गेलं की कुणीतरी भाऊबंद यायचा, खिशातून फोटो काढायचा. कधी लग्नातला, कधी रेशनकार्डावरचा. मी त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची. नावाचं शुद्धलेखन दोनदा विचारायची, कारण गेलेल्या माणसाचं नाव चुकलेलं मला सहन व्हायचं नाही. तो शेजारी बसून बघत राहायचा आणि मध्येच सांगायचा, "आण्णांना टोपीशिवाय दाखवू नका." तेवढा वेळ त्याला बसायला एक जागा मिळायची. बॅनर हे निमित्त असायचं.

झळकवर बसायला कुणी येत नव्हतं. मी साधी डिझाइनं चढवली, काळ्यावर पांढरी अक्षरं, खाली झेंडूची एक ओळ. दुसऱ्या दिवशी कौस्तुभचा फोन. "सुंदरच आहे, मॅडम. पण माणूस थांबत नाही तिथे. समई हलती करता येईल का? ज्योत थरथरते ना, लोक बघत राहतात." सुजयनं समई हलती केली. मग पाकळ्या पडायला लागल्या. मग एका डोळ्यातून थेंब ओघळायला लागला. तो थेंब बघून मी सुजयला म्हटलं, "हा कुणाचा डोळा आहे?"

"कुणाचाच नाही. तयार मिळतो."

"मग रडतोय कशाला?"

तो हसला. मीही हसले, तेव्हा.

एका सकाळी मी पोळपाटावर चपात्या लाटत होते आणि फोन वाजला. झळकचा संदेश होता, मलाच आलेला. 'तुमच्या जवळचं कुणी गेलं का? एका मिनिटात श्रद्धांजली बनवा.' शेजारी गुलाबाचं फूल. माझी आई तेव्हा मिरजेला दवाखान्यात होती. मी पिठाच्या हातानं फोन पालथा घातला आणि तो हात कितीतरी वेळ धूत राहिले. पीठ कधीच निघालं होतं.

सुजयला दाखवलं. तो म्हणाला, "सगळ्यांनाच जातं ते, वहिनी. मशीन पाठवतं. मनाला लावून घेऊ नका."

नवऱ्याला सांगितलं. प्रमोद कारखान्याच्या ऑफिसात कामाला, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तुला नको वाटत असेल तर सोड. पण सुज्याशी नीट बोल. त्यानं नोकरी सोडलीय." तेही खरं होतं. सुजयचं लग्न ठरत होतं, आणि मुलीकडच्यांना त्यानं 'ठसठशीत' हेच आपलं काम म्हणून सांगितलं होतं. मी पुढचं डिझाइन करायला घेतलं.

महिना सरत आला आणि मोहितेवाडीच्या शाळेच्या खो-खो संघाची जीप घाटात उलटली. मुली स्पर्धा खेळून परत येत होत्या. बाकीच्या वाचल्या, कुणाचा हात मोडला, कुणाचा पाय. कावेरी मोहिते गेली. दहावीत होती.

कावेरीला मी ओळखत होते. त्याच वर्षी तिचा संघ जिल्ह्यात पहिला आला, तेव्हा तिची आई शालन माझ्याकडे अभिनंदनाचा बॅनर करायला आली होती. शेतातून थेट आलेली, पदरानं तोंड पुसत. तिनं कावेरीच्या काकाच्या फोनवरचा फोटो दाखवला. कावेरी पदक घालून उभी, दात दाखवून हसणारी, आणि शेजारी शालन, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. "मला काढून टाका, ताई. मी काय खेळले व्हय," शालन म्हणाली होती. मी म्हटलं, "शालनताई, राहू दे की. बघणाऱ्याला कळू दे कुणाची पोर आहे." ती लाजली, पण नाही म्हणाली नाही. तो बॅनर मोहितेवाडीच्या फाट्यावर पावसाळाभर होता.

अपघात झाला त्या दिवशी मी मिरजेला आईजवळ होते. परत आले आणि दुसऱ्या दिवशी, सावडण्याचं आटोपल्यावर, प्रमोदच्या मागं गाडीवर बसून मोहितेवाडीला भेटायला गेले. अंगणात मंडपाचं कापड बांधलेलं, पुरुष प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बरेचसे फोनमध्ये डोकं घालून होते. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. शालनही तशीच बसली होती, तिच्याही हातात फोन. ती रडत नव्हती. स्क्रीनवर बोट फिरवून काहीतरी बघत होती, परत मागं जात होती, परत बघत होती.

मी शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "तुमास्नीच इचारायचं हुतं. ह्यो फोटू तुमच्याकडंच हुता न्हवं? तिच्या काकाचा मोबाइल बिघडला, त्यातलं समदं गेलं. तुमच्याबिगर कुणाकडं न्हाई."

तिनं फोन माझ्यापुढं धरला.

कुणाचं तरी स्टेटस होतं. वर हलती समई. पाकळ्या पडत होत्या. मध्ये कावेरी, पदक घालून, दात दाखवून हसणारी. खाली 'शोकाकुल' आणि त्याखाली गॉगल लावलेल्या एका माणसाचा फोटो, हात जोडलेला, कावेरीच्या दुप्पट मोठा. त्याचं नाव, पद, मोबाइल नंबर. शालननं बोट फिरवलं. तीच समई, तीच कावेरी, खाली दुसरा माणूस, आमदारकीची इच्छा असलेला. परत बोट फिरवलं. तीच कावेरी, खाली एका ज्वेलर्सचं चिन्ह. मग एक पतसंस्था. मग वाढदिवसाच्या टोपीतला एक पोरगा, घाईघाईत जो फोटो सापडला तो लावलेला.

आणि सगळ्यांच्या वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. माझं अक्षर. त्यातल्या 'भ'ला मी जी गाठ मारते ती दुसरं कुणी मारत नाही.

"हितं बघा," शालन म्हणाली. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. कावेरीच्या खांद्यावर, निळ्या टी-शर्टवर, चार बोटं होती. मनगट नव्हतं, हात नव्हता, माणूस नव्हतं. नुसती बोटं, मागून आलेली, आणि त्यातल्या एकात तांब्याचं वेढणं.

शालननं फोन खाली ठेवला आणि स्वतःचा हात माझ्यापुढं धरला. त्या बोटात तेच वेढणं होतं.

"ही बोटं माजी हायत," ती म्हणाली. "मग मला कुठं काढलं, ताई?"

तिनं हे रागानं विचारलं नाही. रागानं विचारलं असतं तर मला बसता आलं असतं. मी "बघते" एवढंच म्हणाले आणि उठले. बाहेर अंगणात एकजण खुर्चीवरून दुसऱ्याला सांगत होता, "ह्यात तुझा फोटो गोलात बसत न्हाई, चौकोनी घे." मी मंडपाच्या मागं गेले. तोंडात आंबट पाणी आलं होतं. ते थुंकून टाकलं, आणि प्रमोदला म्हटलं, "चला."

गाडीवर मी मनाशी एकच गोष्ट घोकत होते. घाई झाली असणार. माझ्या फोल्डरमधून फोटो घेतला, घाईत कापला, बोटं राहून गेली. पोरगा आहे, चूक झाली. झापायचं, टेम्प्लेट काढायला लावायचं, दोघांनी जाऊन शालनचे पाय धरायचे. पुढचं पुढं.

सुजय टेबलाशी बसला होता. मला बघून उठला. चेहऱ्यावर आनंद होता, तो लपवत होता, कारण मी कुठून आले ते त्याला माहीत होतं.

"बसा, वहिनी. पाणी आणू?"

"कावेरीचा फोटो तू घेतलास?"

"हो. कौस्तुभ सरांचा फोन आला होता. म्हणाले, तुमच्याच तालुक्यातलं आहे, चांगला फोटो कुणाकडं असेल तर तासाभरात टेम्प्लेट हवं. तुम्ही मिरजेला होता, आईंचं तसलं चाललेलं, म्हणून विचारलं नाही." त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "वहिनी, आख्ख्या ॲपवर एक नंबरला आहे ते. आपलं नाव वर आलंय."

"कुणाचं नाव?"

"'ठसठशीत'चं."

"तिच्या आईनं मला दाखवलं ते. सगळ्या दुनियेचे चेहरे तिच्या पोरीखाली. मोठे मोठे."

"ते लोक लावतात ना, आपण नाही. लोकांनी श्रद्धांजलीच वाहिली की पोरीला. वाईट काय केलं? आणि आपण नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं. पेपरातला धुरकट फोटो लावून."

मी कॉम्प्युटरवर झळक उघडायला सांगितलं. दुःखद विभागात पहिलंच टेम्प्लेट ते. कावेरी हसत होती. तिच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'येथे नाव लिहा'.

"हे काय?"

"नमुना फोटो म्हणून तो राहतो," सुजय म्हणाला. "ज्याला दुसऱ्या कुणासाठी वापरायचं तो बदलतो. तसंच असतं सगळीकडं."

"म्हणजे दुसऱ्या कुणाचं माणूस मेलं की त्यांना आधी कावेरी दिसणार."

त्यानं माउसनं पान खाली सरकवलं.

"फोन लाव त्यांना. स्पीकरवर टाक."

कौस्तुभनं लगेच उचलला. "हेमलता मॅडम, अभिनंदन कसं करू, विषय असा आहे म्हणून. पण काम मात्र..."

"ते टेम्प्लेट काढून टाका," मी म्हटलं. "त्या मुलीच्या आईची परवानगी नाही. फोटो माझ्याकडे विश्वासानं दिलेला होता."

"मी समजू शकतो, मॅडम. अगदी समजू शकतो." त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "पण एकेक टेम्प्लेट निर्माते काढू शकत नाहीत, तसे नियम आहेत आपले. तुम्ही मेल करा, मी पुढे पाठवतो. आणि खरं सांगू, आत्ता ते काढणं म्हणजे लोकांच्या भावनांचा अनादर होईल. चेहरा फार बोलका आहे हो मुलीचा. काल मराठवाड्यात एक घटना झाली, तिथेही लोकांनी हेच निवडलं."

"तिच्या खांद्यावर तिच्या आईची बोटं आहेत," मी म्हटलं. "आईला कापलंय आणि बोटं तशीच आहेत. ती बाई स्वतःची बोटं बघत बसलीय."

"हो हो, तो तपशील." कौस्तुभ अगदी मनापासून म्हणाला, "सुजय सर काढणार होते ती. म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, पुसून देतो. मीच म्हटलं राहू द्या. माणूस थांबतो तिथे, मॅडम. कुणाचा हात असेल, असं वाटतं. एकदम भिडतं."

मी सुजयकडे बघितलं. तो माउसच्या वायरकडे बघत होता.

"तुला दिसली होती?" मी विचारलं.

"वहिनी..."

"तुला ती बोटं दिसली होती. ती शालनची आहेत हे माहीत होतं. मूळ फोटो तुझ्यापुढं होता."

"हो," तो म्हणाला.

"आणि तू ठेवलीस."

"ते म्हणाले म्हणून ठेवली. चांगली दिसत होती, वहिनी. खोटं कशाला बोलू."

गाडीवरून येताना जी चूक मी त्याच्यासाठी मनाशी रचली होती, ती चूक झालेलीच नव्हती. घाई नव्हती. पोरगा बसला होता, त्यानं फोटो मोठा करून बघितला होता, आईची बोटं ओळखली होती, आणि ती किती चालतील याचा अंदाज घेतला होता. मी त्याच खोलीत होते, त्याच टेबलाशी, आणि मला त्याच्या अंगाला वास येतोय असं वाटलं. तसा काही वास नव्हता. तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"मॅडम? आहात ना?" फोनमधून आवाज आला.

"आहे. अकाउंट बंद केलं तर टेम्प्लेट जातात का?"

"अकाउंट बंद केलं तर सगळीच जातात, मॅडम. पण तसं कुणी करत नाही. तुमचं सगळं वर आलेलं खाली जाईल. राहिलेले पैसेही मिळणार नाहीत. आणि परत आमच्याकडे येता येणार नाही. शांतपणे विचार..."

मी फोन बंद केला. अकाउंट माझ्या नावावर, पासवर्ड माझ्याजवळ. मी खुर्ची ओढून बसले. सुजय बाजूला झाला.

"वहिनी, मी नोकरी सोडून आलोय," तो म्हणाला. "मुलीकडच्यांना सांगितलंय. दादाला विचारा, थांबा, दादा येऊ दे."

प्रमोद दारातच उभा होता. गाडी लावून कधीचा आत आला होता. तो म्हणाला, "मी ऐकलंय सगळं." सुजयनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भिंतीला टेकला.

'खरंच आम्हाला सोडून जायचं?' ॲपनं विचारलं. शेजारी एक रडकं तोंड होतं, त्याच्या डोळ्यातून तोच थेंब ओघळत होता, आमच्या श्रद्धांजलीवरचा. मी 'हो' दाबलं. माझी झेंडूची ओळ गेली, बारशाचे पाळणे गेले, दुकानांच्या फिती गेल्या. महिनाभराचं काम एका पांढऱ्या पानात बसलं.

सुजय महिन्याभरात पुण्याला गेला. झळकनंच त्याला नोकरी दिली. भांडण झालं नाही. त्यानं बॅग भरली, मी डबा दिला. सासूबाईंना इतकंच कळलं की पोरांचं धंद्यात जमलं नाही.

शालनला मी मूळ फोटो पाठवला, दोघींचा. नंतर एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बघवत न्हाई, ताई. पर हाय मोबाइलमदी." मी टेम्प्लेट काढल्याचं तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच, कारण लोकांनी आधीच उतरवून घेतलेलं फिरत होतं. पुढच्या वर्षी तासगावच्या स्टँडजवळ मी एक फ्लेक्स बघितला. कुठल्यातरी म्हातारीच्या पुण्यस्मरणाचा. नाव म्हातारीचं, तिथी म्हातारीची, आणि मध्ये खो-खोचं पदक घातलेली कावेरी. फ्लेक्सवाल्यानं नमुना फोटो बदललाच नव्हता. खाली घरच्या माणसांची नावं होती, नातवंडांसकट, आणि तो फ्लेक्स त्या माणसांनी स्वतः बांधला होता. कुणी वर बघितलंच नव्हतं. मी दोरी सोडली, फ्लेक्स खाली घेतला आणि घडी घालून पिशवीत टाकला. एक पोलिस बघत होता. त्यानं विचारलं, मी सांगितलं, फोटो चुकलाय. तो म्हणाला, "असं व्हय," आणि परत फोन बघायला लागला.

'ठसठशीत' आता माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर आहे. गल्लीच्या टोकाचं दुकान, सुजय म्हणायचा तसं. फ्लेक्सवाले येतात, हळूहळू येतात. श्रद्धांजलीच्या फाइलीत फोटोची जागा मी राखाडी रंगानं रिकामी सोडते. काहीजण तक्रार करतात, मोकळं बघायला कसंसंच वाटतं म्हणून.

सुजयचं चांगलं चाललंय. लग्न त्याच मुलीशी झालं, दोन मुलं आहेत, झळकमध्ये तो आता मोठ्या जागेवर आहे. दिवाळीला सगळे विट्याला येतात. मुलं मला मोठी आई म्हणतात आणि माझ्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर रंग भरत बसतात. त्यांच्याशी माझं छान जमतं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी पंगत उठून गेली होती. सुजय उशिरा बसला, एकटाच. प्रमोद मुलांना घेऊन फटाके आणायला गेला होता. मी वाढत होते. तो बराच वेळ वरणात बोट फिरवत राहिला.

"वहिनी, एक विचारू?" तो म्हणाला. "त्या वेळी तुम्हाला राग आला होता, का माझी किळस आली होती?"

इतक्या वर्षांनी तो विचारेल असं मला वाटलं नव्हतं. पण उत्तर शोधावं लागलं नाही.

"किळस," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. त्याला माहीत होतं. ताटाकडेच बघत त्यानं विचारलं, "अजून येते?"

तव्यावरची चपाती फुगली होती. मी ती उचलली आणि त्याच्या ताटाला हात लागू न देता वरूनच सोडली.